हकीकत गुरुलिंगप्पा अडत्यांच्या गोल्फाची आणि बेलास घातलेल्या घागरींची

श्रीमहादेव प्रसन्न. आभाळ कोरडे, विहिरी कोरड्या, आणि नव्या जिल्ह्याच्या कचेरीवरील पाटीचा रंग मात्र अद्याप ओला, ऐशा काळी लातूर शहराबाहेरील आटल्या तलावात जे युद्ध जाहले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी येथे लिहिली आहे. कोणी शहाणा म्हणेल की युद्ध कसले, काठीने चेंडू ढकलावयाचा खेळ तो. ऐशा शहाण्याने एक वेळ चैत्राच्या उन्हात काठी उगारावी, सर्व बळ एकवटोन हाणावी, आणि मग चेंडू जागचे जागी बसोन आपणाकडे पाहत आहे, हे पाहावे. त्यानंतर त्याचे मत ऐकोन घेऊ.

मूळ पीठिका ऐसी. उस्मानाबादेचा अंमल उठला, लातूर स्वतंत्र जिल्हा जाहला, आणि मग साहेबलोकांच्या फौजा शहरावर उतरू लागल्या. आज एक खाते आले, उद्या दुसरे आले, भाड्याच्या माड्या सरल्या, कचेऱ्या गोदामांत बसल्या आणि फायलींस तुरीचा वास येऊ लागला. त्या लष्करात पाटबंधाऱ्याचे एक साहेब होते. पाट होते, बंधारे होते, परंतु त्यांत सोडावयास पाणी नव्हते, म्हणोन आइतवार कैसा घालवावा ही चिंता साहेबांस पडली. मग त्यांनी आटल्या तलावाची पाहणी केली, भेगाळल्या काळ्या मातीत ठायी ठायी वाटीएवढ्या खळ्या खणविल्या, प्रत्येक खळीत तांबडे निशाण रोविले, आणि जाहीर केले की आजपासोन हे गोल्फाचे मैदान असे. शेवटली खळी वर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर होती, आणि तिचे शेजारी साहेबांनी काट्यांचे कुंपण करोन बेलाचे एक रोप लाविले. काठी फिरवोन चेंडू हाणावा, खळीत घालावा, ज्याचे टोले कमी तो जिंकला, इतकाच खेळाचा कायदा.

परंतु त्यावर साहेबांनी आपले पदरचे एक फर्मान जोडिले. ते ऐसे की, दर आइतवारी जोडीजोडीने खेळावे, आणि जो हरेल त्याने पुढल्या आइतवारी खेळ सुरू होण्याआधी आपल्या घरचे घागरभर पाणी स्वतःचे खांद्यावर, भर बाजारातून वाहोन आणावे आणि बेलाच्या आळ्यात घालावे. नोकराचा खांदा चालणार नाही आणि दुसऱ्याचे घरचे पाणीही चालणार नाही. ज्या शहरात नळ आठवड्यातून एक वेळ खोकत असे आणि बाकीचे दिवस लोक टँकरच्या भोंग्याकडे कान लावोन बसत, तेथे हे फर्मान तोफेच्या तोंडी जाण्याहून जड होते.

आता आमचे नायक. मोंढ्यातील ज्वारी-तुरीचे अडते, राजमान्य राजश्री गुरुलिंगप्पा, वय पन्नाशीचे पुढे, पोट गादीस शोभेल ऐसे, डोईस पांढरी टोपी. साहेब त्यांचेच माडीवर भाड्याने राहत. एके आइतवारी जोडीस माणूस कमी पडला म्हणोन साहेबांनी घरमालकांस विनंती केली, आणि भाडेकरूचे मन मोडू नये म्हणोन अप्पा धोतराचा काचा मारोन निघाले. साहेबांनी त्यांस काठ्यांचा एक जुना भाता दिधला. निजामाचे अमदानीतील कोण्या अंमलदाराचे बंगल्यात माळ्यावर पडलेला तो भाता, आत लाकडी दांड्यांच्या काठ्या, कोणाची मुंडी लोखंडी, कोणाची लाकडी. अप्पांनी त्यांतील एक उपसली, लहानपणीच्या विटीदांडूचे स्मरण केले आणि हाणिली. काय दैवयोग जाहला न कळे. चेंडू टण्ण करोन उठला, घारींपर्यंत गेला, क्षणभर तेथेच थबकला ऐसे वाटले, आणि मग दूर निशाणाजवळ अलगद उतरला. अप्पांचे अंगावर काटा आला. ज्वारीचे भाव त्यांच्या हयातीत कितीक वेळा चढले आणि उतरले, परंतु काळीज ऐसे हलके कधी जाहले नव्हते. त्या एका टोल्याने गुरुलिंगप्पा गोल्फाचे कायमचे गुलाम जाहले, आणि पुढे तैसा दुसरा टोला काही पडेना.

आइतवारामागोन आइतवार गेले आणि अप्पा हरत गेले. तारमास्तरांकडून हरले, डाक्तरांकडून हरले, गुडघ्यात वात असलेल्या पेन्शनर तहसीलदारांकडूनही हरले, आणि दर खेपेस पितळी घागर खांद्यावर घेऊन मोंढ्यातून निघाले. दुकानदार गाद्यांवरून उठोन उभे राहत, वरकरणी तो मान होता. सरजाबाई भाजीवाली तर दुरूनच हाक देई, "अप्पा, आज बी का?" आणि अप्पा पाण्याचे ओझ्याखालून "आज बी" म्हणत. बेल मात्र वाढत होता. साऱ्या मुलखात हिरवे पान दिसेना, परंतु पाळीवरील त्या रोपास ऐसी पालवी फुटली की शेळ्या कुंपणाबाहेर उभ्या राहोन दिवस काढीत.

व्याधी एकच होती. काठी खाली येता येता अप्पांची मान वर होई. साहेब समजावीत, "अप्पा, नजर चेंडूवर ठेवा. चेंडू गेला तरी त्याची जागा बघत राहा." अप्पांस ते समजे, पटे, आणि मान वर होई. याचे मूळ गादीत होते. अवघे आयुष्य गादीवर बसोन, भाव बोलता बोलता अप्पांचा डोळा रस्त्यावर असे. कोणाची बैलगाडी वळली, कोणते गिऱ्हाईक शेजारच्या अडतीत शिरले, हे मान वर करोन न पाहावे तर धंदा बुडे. ती सवय मानेच्या हाडात मुरली होती.

मग नाना इलाज जाहले. अडतीवरील हमाल ग्यानोबा या मोहिमेत भाता वाहत असे. त्यास हुकूम जाहला की मागे उभे राहोन मालकांची टोपी दाबोन धरावी. ग्यानोबाने धरिली, अप्पांनी काठी मागे नेली, आणि ती ग्यानोबाचे कोपरावर बसली. "मालक, पोतं उचल म्हना, दोन उचलतो," ग्यानोबा कोपर चोळीत बोलिला, "पर ह्ये काम माज्यानं न्हाई व्हायचं." मग अप्पांनी उपरण्याने आपली हनुवटी सदऱ्याच्या गुंडीस बांधिली आणि टोला मारिला. मान वर जाहली, गुंडी तुटोन उडाली आणि चेंडूहून दूर गेली.

अखेर अप्पांनी घराचे परसात सराव आरंभिला, आणि तेथे घोर प्रसंग ओढवला. नुकताच नळ येऊन गेला होता, रांजण काठोकाठ भरला होता. अप्पांनी काठी फिरविली, मान वर जाहली, चेंडू तिरका सुटला आणि रांजणाचे पोटी बसला. रांजणास भगदाड पडले. पाणी परसात धावले, परसातून बोळात गेले, आणि बोळातील बायका तांबे, पातेली, जे हाती लागेल ते घेऊन धावल्या. गलका ऐकोन अप्पांचे कुटुंब रत्नम्मा मागील दारी आल्या. त्यांनी रांजण पाहिला, काठी पाहिली आणि मग अप्पांस पाहिले.

"काय करायलाव वो तुमी?" इतकेच त्या बोलल्या. आवाज चढला नव्हता, म्हणोन अप्पा अधिकच घाबरले.

मग रत्नम्मांचे फर्मान सुटले. गेल्या आइतवारचे हरणे झाले ते झाले, त्याची घागर शब्द दिला म्हणोन जाईल. परंतु यापुढे हरल्याची एक घागर जरी या घरातून निघाली, तर त्या लाकडी काठ्या मोडोन न्हाणीतल्या बंबात घातल्या जातील. "लाकूड जुनं हाय, वाळकं हाय," त्या म्हणाल्या, "लई झकास पेटंल." या फर्मानावर अपील नव्हते. त्या रात्री अप्पांस भाकरी गोड लागली नाही. काठ्या गेल्या तर गेल्या, ऐसे त्यांनी मनास सांगोन पाहिले, परंतु मन ऐकेना. त्यांस तो पहिला टोला, घारींपर्यंत जाऊन थबकलेला, पुन्हा एक वेळ पाहावयाचा होता, आणि काठ्या बंबात गेल्या म्हणजे तो या जन्मी दिसणार नव्हता.

दुःख एकटे येत नसते ऐसे अप्पांस वाटावे, तैसाच सांगावा नांदेडहून आला. नांदेडचे कापडाचे व्यापारी माणिकप्पा, ज्यांचे घरी अप्पांची थोरली लेक मल्लम्मा दिली होती, ते येत्या आइतवारी लातुरास येत होते. माणिकप्पा तिकडील साहेबलोकांत बसोन उठोन हा खेळ शिकले होते आणि त्याची वार्ता लग्नकार्यात, बारशात, तेराव्यातही सांगत असत. नांदेड जुना जिल्हा, पायाशी गोदावरी, आणि लातूर कालचे पोर, ऐसा त्यांचा ताठा. साहेबांस हे कळताच त्यांनी तजवीज केली की आइतवारी नांदेडकर माणिकप्पा आणि लातूरकर गुरुलिंगप्पा ही जोडी खेळावी. व्याह्यापुढे हार, बाजारातून घागर, आणि घरी बंब, ऐसे तिन्ही बाजूंनी मोर्चे लागले.

त्यातच पुढली सकाळ उजाडली. तांब्याभर पाण्यात स्नान उरकोन, कपाळी भस्म लावोन अप्पा लिंगपूजेस बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग, आणि त्यावर नजर. इतक्यात बोळाचे तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. अवघा बोळ उठला. घागरीवर घागरी आदळल्या, रत्नम्मा अप्पांस ओलांडोन धावल्या, मागे मांजर दुधाचे पातेल्यावर चढले आणि पातेले खणखणत ओसरीपर्यंत आले. अप्पांची पापणी हलली नाही. रत्नम्मा पाणी भरोन परतल्या, दूध सांडलेले पाहिले आणि पूजा आटोपेपर्यंत कंबरेवर हात ठेवोन उभ्या राहिल्या.

"पूजेला बसल्यावर टँकर आला तरी मान वर होत न्हाई तुमची," त्या म्हणाल्या, "मंग त्या चेंडूपुढंच काय होतंय वो तिला?"

रत्नम्मांनी हे दुधाचे रागात म्हटले, उपदेश करावा ऐसे त्यांचे मनातही नव्हते. परंतु अप्पा तैसेच बसोन राहिले. ही मान आपलीच, डोळे आपलेच, आणि सकाळी जे रोज साधते ते आइतवारी का साधू नये, हा विचार त्यांस तीरासारखा लागला. परसात काठी धरावयाची सोय उरली नव्हती, म्हणोन त्यांनी गादीवरच साधना आरंभिली. तुरीचा एक दाणा समोर ठेवावा आणि त्यावरोन नजर काढू नये. रस्त्याने गाड्या गेल्या, ओळखीच्या हाका आल्या, दोन गिऱ्हाइके शेजारच्या अडतीत शिरली, आणि अप्पांनी ती पाहिली नाहीत. धंद्याचे दृष्टीने ते बुडणे होते, परंतु मोहिमेचे दृष्टीने ती पहिली फत्ते होती.

आइतवार उजाडला. गेल्या हारीची घागर खांद्यावर घेऊन अप्पा निघाले, तो बस स्टँडापाशी नांदेडची गाडी थांबली आणि तीतून खासे माणिकप्पा उतरले. पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट, खांद्यास चामडी भाता.

"इवाई, ह्ये काय?" माणिकप्पा घागरीकडे पाहत म्हणाले. "घरी पानी भराया मानूस न्हाई का?"

"हाय की," अप्पा म्हणाले. "पर ह्ये पानी मीच नेत असतो."

"नांदेडला या एकदा. गोदावरी हाय आमच्याकडं, आमी घागरीनं मोजत न्हाई."

अप्पांनी घागर दुसरे खांद्यावर घेतली. पाळीवर जाऊन त्यांनी घागर बेलाचे आळ्यात उपडी केली, माती चुरचुर आवाज करोन पाणी प्याली, आणि आळ्यात दाट काळा चिखल जाहला. मग शिंगे वाजावी तैसा साहेबांनी खाकरोन इशारा केला आणि युद्धास तोंड लागले.

ते युद्ध काय वर्णावे. तलावाचे तळास भेगा ऐशा की चेंडू पडला तर ग्यानोबाने पालथे पडोन खांद्यापर्यंत हात घालावा, आणि कधी चेंडू निघावा, कधी गेल्या महिन्यातील तारमास्तरांचा चेंडू निघावा. माणिकप्पांचा टोला लांब जाई, परंतु वाकडा जाई. अप्पांचा टोला आखूड, परंतु आज प्रथमच सरळ जाऊ लागला. माणिकप्पा पुढे गेले, अप्पांनी गाठिले, पुन्हा मागे पडले, पुन्हा गाठिले, आणि ऐसे घासत घासत उभय फौजा शेवटल्या खळीस आल्या तेव्हां टोले बरोबर होते. पाळीखाली माणसे जमली होती. सरजाबाई टोपले डोईवर तैसेच ठेवोन उभी होती.

प्रथम माणिकप्पांनी खालून पाळीवर चेंडू चढविला. टोला उत्तम होता, हे शत्रूनेही मान्य करावे. चेंडू निशाणाजवळ पडला, परंतु उन्हाने पाळ तव्यासारखी तापोन दगड जाहली होती. चेंडू उडाला, घरंगळला आणि पाळीचे पलीकडे उतरोन बाभळीत शिरला. माणिकप्पा हसले आणि म्हणाले, "जाऊंद्या. हितं कुनाचाच थांबायचा न्हाई."

मग अप्पा उभे राहिले. हाती निजामाचे अमदानीची काठी, समोर चेंडू, आणि डोळ्यांपुढे न्हाणीतील बंब. त्यांनी काठी मागे नेली, वर नेली, आणि ती खाली सुटावयास व पाळीपलीकडील रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजावयास एकच गाठ पडली. अवघी माणसे वळली. साहेबांची मान वळली, माणिकप्पांची वळली. ग्यानोबाने भाता टाकिला आणि हाती भांडे नसता सवयीने दहा पावले धावला. एक अप्पांची मान वळली नाही. चेंडूस त्यांनी इष्टलिंग मानिले नाही, तेवढे पाप त्यांचे हातून होणे नव्हते. नजर मात्र तीच ठेविली. टण्ण ऐसा आवाज जाहला, चेंडू गेला, आणि अप्पा रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. तेथे एक मुंगी चालली होती.

लातूर जिल्ह्याचे इतिहासातील तो सर्वांत सुंदर टोला येणेप्रमाणे कोणी पाहिला नाही. लोक टँकर पाहत होते आणि अप्पा मुंगी पाहत होते. बखर लिहिणारास सर्व दिसते म्हणोन सांगतो की, चेंडू घारींपर्यंत गेला, क्षणभर थबकला आणि मग उतरला. अप्पांनी मान वर केली तेव्हां आभाळ रिकामे होते. ज्याकरिता इतक्या घागरींची यातायात केली, तेच आपणास दिसले नाही, हे ध्यानी येऊन त्यांचे मन खट्टू जाहले.

शोध सुरू जाहला. बाभळीत पाहिले, उतारावर पाहिले. अखेर ग्यानोबा कुंपणात डोकावोन ओरडला, "मालक, ह्यो बगा! ह्यो बसलाय बेलाखाली!" चेंडू निशाणाजवळ पडोन तैसाच घरंगळत निघाला होता, कुंपणाचे फटीतून आत शिरला होता, आणि सकाळच्या चिखलात अर्धा रुतोन राहिला होता.

"हे धरायचं न्हाई," माणिकप्पा गरजले. "चिखलानं थांबवला त्याला! ऐन दुष्काळात चिखल कुठनं आला?"

साहेबांनी विचार केला आणि निवाडा दिधला. "पाणी यांच्याच घरचं आहे, माणिकप्पा. आणि घागर भरून यांनीच आणलीय. चेंडू आहे तिथून खेळायचा."

ग्यानोबाने कुंपण बाजूस सारिले. अप्पांनी मान खाली ठेवोन हाणिले, चिखल माणिकप्पांचे पांढऱ्या बुटांवर आणि चेंडू खळीचे काठाशी. मग हलक्या काठीने एक टिचकी, आणि चेंडू आत. माणिकप्पा मग आपला चेंडू काढावयास बाभळीत शिरले आणि बराच वेळ तेथेच होते. "मालक जिंकले वो!" ऐसी आरोळी ग्यानोबाने ठोकिली, ती टँकरवरील रांगेत गेली आणि रांगेतील बायकांनीही घागरी वाजविल्या. सरजाबाईस मात्र खरे वाटेना. परतीचे वाटेवर तिने विचारिले, "अप्पा, मंग घागर?" अप्पा म्हणाले, "आता नांदेडहून येनार."

फर्मान सर्वांस सारखे. माणिकप्पांनी कुरकुर केली, परंतु शब्द पाळिला. गोदावरीचे पाण्याने काठोकाठ भरलेली घागर, तोंडास फडके बांधोन, ते शनिवारी स्वतः मांडीवर घेऊन गाडीत बसले. परंतु उन्हाळ्याची गाडी, आणि गाडीत तहानलेली माणसे. लोह्यास एका म्हातारीने घोट मागितला, अहमदपुरास दोघा लेकुरवाळ्यांनी मागितला, आणि गोदावरीचे पाणी मागितले तर नाही कैसे म्हणावे, हा माणिकप्पांचा ताठा आडवा आला. चाकूर सोडिले तेव्हां घागरीत फडकेच ओले उरले होते. हे सांगताना माणिकप्पांनी प्रथमच मान खाली घातली, आणि अप्पांनी त्यांचे पाठीवर हात ठेविला.

आइतवारी उभय व्याही रिकामी घागर घेऊन पाळीवर उभे राहिले. आळ्यातील चिखल वाळोन त्यास भेगा पडल्या होत्या, बेलाची पाने मलूल लोंबत होती. घरी पाणी मागावे तर कोणत्या तोंडाने, हे अप्पांस सुचेना. जिंकल्यामुळे त्यांचा घागरीवरील हक्कच गेला होता.

इतक्यात पाळीची वाट चढोन रत्नम्मा आल्या. कमरेवर पितळी घागर, डोईवर पदर. भर बाजारातून आल्या होत्या. व्याह्यांस पाहोन त्यांनी पदर सावरला, अप्पांकडे पाहिले नाही, आणि घागर आळ्यात ओतली.

"हारून हारून वाढवलं ह्याला तुमी," त्या म्हणाल्या. "आता जिंकलात म्हनून वाळू द्यायचं व्हय?"

अप्पांनी वाकोन आळ्याची ढासळलेली कड मातीने नीट केली. रत्नम्मांनी रिकामी घागर बेलाखाली ठेवली आणि त्या पाळीचे काठाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मारा बगू एकदा. तुमी मान खालीच ठेवा. कुठं जातो ते मी बगते."

अप्पांनी पाळीवरोन खाली तलावाकडे तोंड केले, चेंडू ठेविला, काठी फिरविली. टण्ण आवाज जाहला. मान खालीच होती.

"कुठं गेला?" त्यांनी मातीकडे पाहतच विचारिले.

रत्नम्मांनी उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरिला होता. त्या पुष्कळ वेळ आभाळाकडे पाहत राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या, "अजून वरच हाय."

ऐसी ही फत्ते. लातूरकरांनी नांदेडकरांस आटल्या तलावात शिकस्त दिधली, काठ्या बंबातून वाचल्या, बेल जगला, आणि राजश्री गुरुलिंगप्पा यांचा टोला त्यांचे कुटुंबाने स्वतः डोळ्यांनी पाहिला. सबब तैसा टोला खरेच पडला ऐसे दफ्तरी कायम केले असे.